घरी बांधलेलं सीएनसी: वेग वाढवला की माप जातं, सावकाश गेलं की लाकूड जळतं

खटाटोप

नमस्कार मंडळी,

आठ महिने सुट्टीच्या दिवसांत खपून एक सीएनसी राउटर (संगणकाच्या हुकमाने कापणारं मशीन) उभं केलं आहे. कामाचं क्षेत्र ४०० बाय ६०० मिमी. गॅन्ट्री, म्हणजे कटर धरणारा आडवा पूल, लांबीच्या म्हणजे वाय दिशेत पळते, तिच्यावर आडवा एक्स. तिन्ही अक्षांना १६०५ बॉल स्क्रू, म्हणजे १६ मिमी जाडीचा आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा. वायला दोन्ही बाजूंनी एकेक स्क्रू आणि एकेक मोटर. मोटरी नेमा २३ मापाच्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या), ड्रायव्हरवर ८ मायक्रोस्टेप (एका पावलाचे आठ भाग), सप्लाय २४ व्होल्टचा. कंट्रोलर आर्डुइनो उनो, त्यावर ग्रबल हे मशीन चालवणारं सॉफ्टवेअर. स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) ईआर ११ कोलेटचा, २४,००० आरपीएमपर्यंत जातो. सेटिंग: $११० आणि $१११ ला (एक्स आणि वायचा कमाल वेग) ५०००, अ‍ॅक्सिलरेशन ४००, $११ (कोपऱ्यावर किती वेग ठेवायचा ते ठरवणारं) मूळचंच ०.०१.

अडचण अशी आहे. ८ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये ६ मिमीच्या दोन धारांच्या कटरने ४० मिमीचं भोक पाडलं. एफ ६०० ला (एफ म्हणजे फीड, कटर मिनिटाला किती मिमी पुढे सरकतो तो वेग) एक्समध्ये ३९.९६ आणि वायमध्ये ३९.८८ भरलं. तोच प्रोग्रॅम एफ २४०० ला चालवला तर ३९.९० आणि ३९.७९. शिवाय वेगात कापलेल्या चौकोनाच्या कोपऱ्याजवळ भिंतीवर बारीक लाटा येतात. दिसायला पुसट आहेत, पण नख फिरवलं की कळतात.

म्हणून सगळं एफ ६०० ला चालवायला लागलो. नक्षीच्या एका फळीला ३ तास १० मिनिटं लागली आणि कड काळी पडली ती वेगळीच. इतकं सावकाश जाऊनही काम खराब होणार असेल तर मग नेमका वेग धरायचा कुठला? वेग आणि अचूकपणा दोन्ही हवं असेल तर आधी कशाला हात घालावा?

चौथा अक्ष

अभिनंदन! मशीन उभं राहिलं म्हणजे मोठं काम झालं.

माझ्या मते दोन गोष्टी करून टाका. मायक्रोस्टेप ८ वरून ३२ करा, रिझोल्यूशन चौपट होईल. आणि जमलं तर क्लोज्ड लूप (आपली जागा एन्कोडरने स्वतः तपासणाऱ्या) मोटरी घ्या, म्हणजे स्टेप चुकण्याची चिंता मिटली.

मोजपट्टी

चौथा अक्ष, ३२ मायक्रोस्टेप मी माझ्या मशीनवर करून पाहिल्या होत्या, म्हणून सांगते. खटाटोप यांनी ते करू नये.

मोटर एका फेऱ्यात २०० पूर्ण स्टेप घेते. ८ मायक्रोस्टेपने १६००, आणि ५ मिमीच्या स्क्रूवर भागिले तर १ मिमीला ३२० पल्स. एफ ५००० म्हणजे सेकंदाला ८३ मिमी, म्हणजे सुमारे २६,७०० पल्स. उनोवरच्या ग्रबलची मजल सेकंदाला साधारण ३०,००० पल्सची, म्हणजे ते आत्ताच कडेला आलेले आहेत. ३२ केलं की १ मिमीला १२८० पल्स होतात आणि वेगाची हद्द एफ १४०० वर येऊन बसते. वेग गेलाच.

बदल्यात अचूकपणा मिळतो का? एका मायक्रोस्टेपचं जे कमीत कमी बळ असतं ते ८ वर मोटरच्या होल्डिंग टॉर्कच्या (जागेवर धरून ठेवण्याच्या बळाच्या) १९-२० टक्के, ३२ वर ५ टक्क्यांहून कमी. स्क्रूचं, नटाचं, रेलचं घर्षण त्याहून जास्त असलं तर एक पल्स दिली तरी टूल जागचं हलत नाही. चार-पाच पल्स साठतात आणि मग एकदम सरकतं. आकडा बारीक झाला म्हणून हालचाल बारीक होत नाही. मोटर जास्त गुळगुळीत फिरते हा फायदा खरा आहे, पण त्याला ८ किंवा १६ पुरतात.

क्लोज्ड लूपचंही तसंच. एन्कोडर बसतो मोटरच्या पाठीवर. मोटरचा दांडा नेमका कुठे आहे ते तो सांगतो. कपलिंग, स्क्रू, नट, गॅन्ट्री आणि कटरचं टोक यांच्यामधे काय चाललंय ते त्याला कळायला मार्ग नाही.

खटाटोप, तुमच्या आकड्यांतच निम्मं उत्तर आहे. दोन वेगांची मापं शेजारी ठेवा. एफ ६०० लाही वाय ०.१२ ने कमी भरतो आणि एक्स फक्त ०.०४ ने. वेग कमी करूनही जी चूक जात नाही ती वेगाची चूकच नाही, ती प्लेची, म्हणजे सांध्यांमधल्या ढिलेपणाची आहे. वेग वाढवल्यावर त्यात भर पडते (एक्समध्ये ०.०६, वायमध्ये ०.०९) ती वाकण्याची. दोन्ही वेगळे आजार आहेत, एका औषधाने जाणार नाहीत.

रंधा

लाकूड जळण्याबद्दल मी लिहितो, कारण ते माझं रोजचं काम आहे.

स्पिंडल किती आरपीएमवर ठेवता ते लिहिलं नाहीत. १८,००० धरतो. दोन धारा म्हणजे मिनिटाला ३६,००० वेळा धार लाकडाला लागते. एफ ६०० ला प्रत्येक धारेच्या वाट्याला ०.०१७ मिमी येतं. इतक्या पातळ पापुद्र्यात धार घुसतच नाही, वरून घासत जाते. घासलं की तापतं, तापलं की काळं पडतं, आणि धार बोथट झाली की अजून घासतं. तुमचं काळं पडणं हे सावकाश जाण्याचंच फळ आहे.

६ मिमी कटरला लाकडात धारेमागे ०.०५ ते ०.०७ मिमी मिळालं पाहिजे. म्हणजे १८,००० ला एफ २४०० (०.०६७), किंवा हळूच जायचं असेल तर स्पिंडल १०,००० वर आणा आणि एफ १२०० द्या (०.०६). फीड आणि आरपीएम जोडीने हलवायचे. नुसता फीड कमी करणं म्हणजे काळजी घेणं नव्हे.

भुसा हातात घेऊन बघा. पिठासारखा असेल तर घासतंय. कुरकुरीत, जरा दाणेदार कीस पडायला लागला की समजा कापतंय.

खटाटोप

रंधा, अगदी बरोबर, १८,००० वरच होता! आज एका टाकाऊ फळीवर १०,००० आणि एफ १२०० करून पाहिलं. कड स्वच्छ आली, आणि भुसा खरोखरच बदलला. आधी बोटांत घेतला की टाल्कम पावडरसारखा गायब व्हायचा, आता बोटांना टोचतो. आवाजही किंचाळल्यासारखा यायचा तो गेला. एवढी साधी गोष्ट माहीत नव्हती याचं वाईट वाटलं, दोन कटर वाया गेले.

मोजपट्टी ताई, प्ले आणि वाकणं वेगळं काढायचं हे पटलं. आता प्ले नेमका कुठे आहे ते कसं शोधू? बॉल नटच खराब आला असेल का?

जुना टर्नर

नट बदलायला धावू नकोस. तीस वर्षं लेथवर काढली, प्ले नटात कमी आणि नटाच्या आजूबाजूलाच जास्त सापडला.

पहिली गोष्ट, भोक मोजणं सोड. व्हर्नियरचे आतले जबडे भोकात किंचित कमी दाखवतात. त्याऐवजी ४० मिमीचा चौकोनी गुटका काप आणि बाहेरून मायक्रोमीटरने मोज.

दुसरी गोष्ट, डायल गेज आण. ०.०१ वाला पुरे. मॅग्नेटचं स्टँड बेडवर घट्ट बसव, टोक गॅन्ट्रीला टेकव. मशीन एका दिशेला ५ मिमी चालव, त्याच दिशेला अजून १ मिमी, तिथे डायल शून्य कर. मग १ मिमी आणखी पुढे आणि १ मिमी मागे. डायल शून्यावर आली नाही तर जे उरलं तो तुझा प्ले. हे पाच वेळा कर, एका वेळेवर विश्वास ठेवू नकोस. आणि वायला दोन स्क्रू आहेत ना? मग डाव्या टोकाला वेगळं, उजव्या टोकाला वेगळं मोज. मधे मोजशील तर दोघांची सरासरी दिसेल आणि चोर सापडणार नाही.

तिसरी गोष्ट. मोटरी चालू ठेव म्हणजे स्क्रू धरलेला राहील. डायलचं टोक स्क्रूच्या उघड्या तोंडावर टेकव आणि गॅन्ट्री हाताने पुढे-मागे ढकल. स्क्रू स्वतःच लांबीच्या दिशेने सरकत असेल तर नटाचा दोष नाही, बेअरिंगच्या ब्लॉकचा आहे.

खटाटोप

काका, सापडलं!

डावीकडे पाचही वेळा ०.१२ ते ०.१३. उजवीकडे ०.०२. मी चाचणीचा तुकडा नेहमी डाव्या कोपऱ्यात बांधतो, म्हणून वायची चूक एवढी दिसत होती.

मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे डाव्या स्क्रूच्या तोंडावर डायल टेकवली. गॅन्ट्री ढकलली की काटा अकरा रेघा सरकायचा आणि हात सोडला की तिथेच थांबायचा, परत येत नव्हता. ब्लॉकचं झाकण काढलं. मागचा लॉकनट मला बोटांनी फिरवता आला. त्यातला ग्रब स्क्रू पूर्ण घट्ट होता, पण तो घट्ट करताना नट पुरता बसलेलाच नव्हता. म्हणजे मी सैल नटाला नीट कुलूप घातलं होतं. आता ग्रब स्क्रू सोडला, नट आवळला, स्क्रू हाताने फिरवताना किंचित जड लागेल इतपत, मग परत ग्रब स्क्रू. नवीन माप ०.०२.

चौकोनी गुटका एफ ६०० ला कापला: एक्स ४०.०३, वाय ४०.०१. हे बघून फार आनंद झाला. एफ २४०० ला मात्र अजून दोन्ही बाजूंना एखाद-दुसरा शतांश जास्त सरकतो, आणि लाटा जशाच्या तशा आहेत.

स्पंदन

धागा पहिल्यापासून वाचतोय. लाटांवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. लाटा म्हणजे तुमच्या मशीनने स्वतःच्या हाताने काढून दिलेला आलेख आहे, तो वाचायला शिका.

चौकोन दोन वेगांत कापा, एफ १२०० आणि एफ २४००. कोपऱ्यानंतरचे पहिले २ मिमी सोडून द्या, कारण ४०० अ‍ॅक्सिलरेशनला एफ २४०० गाठायला २ मिमी लागतात आणि तोवर लाटा दाबलेल्या दिसतात. त्यापुढच्या लाटांचं अंतर मोजा. मोबाइलने जवळून फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा.

वेग दुप्पट केल्यावर अंतरही दुप्पट झालं तर सांगाडा थरथरतोय, त्याची स्वतःची ठरलेली वारंवारता आहे. वेग बदलूनही अंतर तेच राहिलं तर दोष फिरणाऱ्या भागात. ५ मिमीवर येत असेल तर स्क्रू वाकडा किंवा कपलिंग तिरकं, ०.१ मिमीच्या आसपास असेल तर मोटरच्या चार-चार स्टेपचं चक्र.

आणि लाटा कुठल्या भिंतीवर आहेत तेही लिहा.

खटाटोप

मोजलं. एफ २४०० ला ५ मिमीत चार लाटा, एफ १२०० ला अडीच मिमीत चार. म्हणजे अंतर वेगाबरोबर बदलतं. ठळक लाटा एक्सला समांतर असलेल्या भिंतींवर आहेत, दुसऱ्या दोन भिंतींवर नाममात्र.

स्पंदन

उत्तम मोजलंत. एफ २४०० म्हणजे सेकंदाला ४० मिमी, भागिले १.२५, म्हणजे ३२ हर्ट्झ. एफ १२०० लाही तेच येतं. एक्सला समांतर भिंतीवर लाटा म्हणजे टूल वायमध्ये हलतंय: गॅन्ट्री वायमध्ये पळून थांबते आणि वरचा भाग पुढे-मागे डुलत राहतो.

आता एक सोपा हिशेब. सांगाडा अ‍ॅक्सिलरेशनमुळे किती वाकेल याला वजनाचीही गरज नाही. अ‍ॅक्सिलरेशनला कोनीय वारंवारतेच्या वर्गाने भागा. ३२ हर्ट्झला कोनीय वारंवारता २०१, वर्ग सुमारे ४०,४००. ४०० भागिले ४०,४०० म्हणजे ०.०१ मिमी. पण ग्रबलमध्ये अ‍ॅक्सिलरेशन एकदम लागतं आणि एकदम सुटतं, हळूहळू चढत नाही, त्यामुळे झोका दुप्पट, ०.०२. त्यातच कोपऱ्यावर ग्रबल पूर्ण थांबत नाही. $११ ला ०.०१ असताना काटकोनात ते मिनिटाला दोनशे मिमीच्या आसपासच्या वेगाने सरळ वळतं. तो धक्का अजून दीड शतांशाची भर घालतो. नखाला लागणाऱ्या लाटा याच.

यातून हाती काय लागतं ते बघा. या हिशेबात एफ कुठेच नाही. टूलवरचा कापण्याचा जोर फीडने वाढतो हे खरं, पण लाटा कमाल वेगामुळे येत नाहीत. मशीन वळतं, थांबतं, सुटतं तिथेच त्या येतात. आपण एफ कमी करत बसतो आणि $१२० ला, म्हणजे अ‍ॅक्सिलरेशनला, हात लावत नाही. सगळा वेळ एफमध्ये घालवला आणि माप अ‍ॅक्सिलरेशनमध्ये हरवलं, अशी गत होते.

वायचं अ‍ॅक्सिलरेशन ($१२१) २०० करा, झोका निम्मा होईल.

खटाटोप

पण मग वेळ वाढेल ना? माझ्या नक्षीत बहुतेक तुकडे २-३ मिमीचेच आहेत.

स्पंदन

वाढेल, रास्त शंका आहे. ३ मिमीच्या तुकड्यात ४०० अ‍ॅक्सिलरेशनने जेमतेम एफ २१०० गाठता येतं, २०० ने दीड हजाराच्याही आत. म्हणून सरसकट कमी करू नका. रफिंग (ढोबळ कापणं) आणि फिनिशिंग (शेवटचा हात) अशा दोन फाइल करा. रफिंगमध्ये भिंतीवर ०.३ मिमी सोडा आणि ४०० ने बिनधास्त पळवा, लाटा त्या ०.३ मध्ये जिरतील. मशीन थांबल्यावर $१२१ बदला आणि फिनिशिंग २०० ने करा. फिनिशिंगला कापायला थोडंच असतं, त्यामुळे कटरही कमी वाकतो.

कायमचा उपाय म्हणजे वारंवारता वाढवणं. ताठपणा चौपट केला तर वारंवारता दुप्पट होते. आणि वारंवारता दुप्पट झाली की त्याच अ‍ॅक्सिलरेशनला वाकणं चौथाई. वेग आणि माप दोन्ही एकाच वेळी हातात येतात ते इथेच. गॅन्ट्री कुठे वाकते ते शोधा: ताणकाट्याने स्पिंडलपाशी वायच्या दिशेने ५ किलोची ओढ द्या आणि डायलने वर, मधे, खाली मोजत या.

जुना टर्नर

गॅन्ट्री भरीव कर, वजन वाढव. लेथचा बेड ओतीव लोखंडाचा का असतो? वजन असलं की थरथर मरते.

स्पंदन

काका, तुमच्या अनुभवाचा मान ठेवून इथे थोडा असहमत आहे. लेथचा बेड जागेवर बसलेला असतो, तिथे वजन हवंच. यांची गॅन्ट्री पळते. पळणाऱ्या भागात वजन वाढवून ताठपणा तेवढाच राहिला तर वारंवारता उलट खाली येईल, आणि मोटरला तेवढं अ‍ॅक्सिलरेशनही झेपणार नाही. वजन खाली, टेबलात आणि चौकटीत घालावं. गॅन्ट्रीत घालायचं ते फक्त ताठपणा वाढवणारं.

जुना टर्नर

पळणाऱ्या भागाचं म्हणणं मान्य. पण मग टेबलही बघायला हवं. हलक्या टेबलावर मशीन ठेवलं असेल तर गॅन्ट्री वळली की टेबलच उलट्या बाजूला सरकतं. टेबलावर पेलाभर पाणी ठेव आणि मशीन पळव, पाणी हललं की कळेल.

शिल्परेषा

मधेच घुसते आहे, पण प्रश्न याच विषयाचा आहे. मी लाकडावर उठावाची चित्रं कोरते. एफ २४०० दिला तरी मशीन वळणांवर अडखळत, गचके खात चालतं आणि पृष्ठभागावर बारीक खुणा येतात. अ‍ॅक्सिलरेशन ४०० च आहे. फाइलमध्ये प्रत्येक रेघ ०.०५ मिमीची आहे, अचूक यावं म्हणून मुद्दाम तेवढी बारीक ठेवली.

मोजपट्टी

शिल्परेषा, तो बारीकपणाच आड येतोय. ग्रबल पुढच्या फक्त १६ हालचाली बघून वेग ठरवतं. ०.०५ च्या सोळा म्हणजे ०.८ मिमी. पुढे काय आहे ते माहीत नसल्यामुळे त्या ०.८ मिमीत थांबता येईल एवढाच वेग ते धरतं, ४०० अ‍ॅक्सिलरेशनला साधारण एफ १५००. संगणकाकडून ओळी यायला क्षणभर उशीर झाला की त्याहूनही खाली येतं, तो तुमचा गचका.

कॅम सॉफ्टवेअरमध्ये (चित्रावरून कापायची फाइल बनवतं त्यात) टॉलरन्स, म्हणजे मूळ आकारापासून चालणारा फरक, ०.०१ मिमी ठेवा आणि अनावश्यक बिंदू गाळायचा पर्याय चालू करा. सरळसर भागात लांब रेघा होतील, वळणात आपोआप छोट्या. गोलाईसाठी जी२-जी३ चे कंस काढता येत असतील तर तेही. लाकूड हवेतल्या दमटपणाने याहून जास्त फुगतं-आकसतं, तिथे ०.०५ च्या रेघांनी काही साधत नाही.

शिल्परेषा

केलं. फाइल एक-पंचमांश झाली आणि गचके गेले. खूप आभार!

खटाटोप

पेल्यातलं पाणी चांगलंच हललं, काका. टेबलाला मागून तिरक्या पट्ट्या मारल्या आणि खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली.

ताणकाट्याची मापं: ५ किलोला स्पिंडलपाशी ०.१०, बाजूच्या पाटाच्या मध्यावर ०.०६, आणि पाटाच्या अगदी तळाशी, रेलवर सरकणाऱ्या ब्लॉकजवळ, पुढचा ब्लॉक किंचित खाली आणि मागचा किंचित वर जाताना दिसतो. म्हणजे पूर्ण गॅन्ट्री ब्लॉकवरच डुलते आहे. दोन ब्लॉकमधलं अंतर ७० मिमीच आहे माझ्याकडे. कामाचं क्षेत्र वाढावं म्हणून मीच ते जवळ घेतले होते.

आणि दुसरी गोष्ट. काल दोन तासांच्या कामात शेवटचं अक्षर एक्समध्ये बाजूला गेलं. शून्यावर परत आणून डायलने पाहिलं तर ०.३० चा फरक. बेअरिंग, लॉकनट, सगळं तपासलं, घट्ट आहे.

मोजपट्टी

०.३० हा आकडा बोलका आहे. स्टेपर मोटर चुकते तेव्हा कितीही चुकत नाही. ती चार पूर्ण स्टेपच्या, म्हणजे ७.२ अंशांच्या पटीतच घसरते. ५ मिमीच्या स्क्रूवर ७.२ अंश म्हणजे बरोबर ०.१ मिमी. तुमची तीन वेळा घसरली. हाच फरक ०.१७ किंवा ०.२३ असा अडनिडा आला असता तर मी कपलिंगचा ग्रब स्क्रू बघा म्हटलं असतं. माझ्याकडे तसं झालं होतं, दांड्यावर गोल चकाकणारा ओरखडा उमटला होता.

घसरलं ते बहुधा रॅपिडमध्ये, म्हणजे न कापता जागा बदलताना. एफ ५००० म्हणजे मोटर १००० आरपीएमवर. त्या वेगाला २४ व्होल्टमध्ये कॉइलमध्ये करंट पुरता चढायच्या आत पुढची स्टेप येते, बळ पडतं. ड्रायव्हर झेपवत असेल तर ३६ व्होल्टचा सप्लाय लावा, करंट तेवढाच ठेवा. आणि $११०, $१११ खाली आणा. रॅपिडमध्ये वाचणारी मिनिटं मोजा आणि वाया गेलेली फळी मोजा.

खटाटोप

दोन आठवड्यांनी धागा वर काढतोय. झालेलं सगळं लिहितो.

वायचे ब्लॉक ७० वरून १४० मिमीवर नेले. कामाची लांबी ६०० ची ५३० झाली, त्याचा निर्णय करायला तीन दिवस लागले. बाजूच्या पाटांना आतून त्रिकोणी आधार दिले. ताणकाट्याला आता ०.१० च्या जागी ०.०४. एफ २४०० ला ४ मिमीत पाच लाटा, म्हणजे ५० हर्ट्झ, आणि त्यासुद्धा तिरक्या उजेडात धरल्याशिवाय दिसत नाहीत. नखाला लागत नाहीत.

३६ व्होल्ट लावले (ड्रायव्हर ५० पर्यंतचे आहेत), रॅपिड ४०००. दोन तासांचा प्रोग्रॅम कटर न लावता तीन वेळा चालवला, तिन्ही वेळा डायल शून्यावर.

रफिंग १८,००० ला एफ २४००, भिंतीला ०.३ सोडून, अ‍ॅक्सिलरेशन ४००. फिनिशिंग १०,००० ला एफ १२००, वाय २००. ४० चा गुटका: एक्स ४०.०१, वाय ४०.०२. तीच नक्षीची फळी १ तास २५ मिनिटांत झाली, काळेपणा अजिबात नाही.

अजून एक राहिलंय. डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात कापलेल्या मोठ्या चौकोनाचे कर्ण ०.१५ ने वेगळे येतात.

जुना टर्नर

गॅन्ट्री काटकोनात नाही, एवढंच. एक बाजू पुढे आहे. दोन्ही बाजूंना वेगवेगळे लिमिट स्विच असतील तर होमिंगच्या वेळी (मशीन शून्याची जागा शोधतं तेव्हा) तिला सरळ करता येईल, पण ग्रबलमध्ये दोन मोटरी वेगळ्या होम करायची सोय मुळात बंद असते, सेटिंगच्या फाइलमध्ये ती चालू करून ग्रबल पुन्हा चढवावं लागतं. तोवर मशीन बंद करून गॅन्ट्री दोन्ही बाजूंच्या ठोकळ्यांवर टेकवून मग चालू करत जा. ठोकळ्यामागे शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) घालून कर्ण जुळेपर्यंत बघ. चौकोन जेवढा मोठा कापशील तेवढी चूक नीट दिसेल.

आणि महिनाभराने तो डावा लॉकनट पुन्हा डायल लावून बघ. नवीन बेअरिंग थोडं बसतं.

खटाटोप

ठोकळे आजच बनवायला घेतो. अ‍ॅल्युमिनियमचे करतो, याच मशीनवर.